६० गिगाहर्ट्‌झवर स्पीड मिळत नाही? या चुका टाळा

६० गिगाहर्ट्‌झची लिंक (दोन यंत्रांमधला वेगवान वायरलेस दुवा) मंद चालली की लोकांचा हात आधी सेटिंगकडे जातो. चॅनल बदल, पॉवर वाढव, फर्मवेअर टाक. वायरकडे कुणी बघतच नाही.

एका ऑफिसात हेच चाललं होतं. लिंक रेट (रेडिओ हवेतला म्हणून दाखवतो तो वेग) २३१० एमबीपीएस, पण फाइल सरकेना. अँटेना फिरवून झाले, रेडिओचा नवा जोड मागवायची बोलणी सुरू झाली. आयपर्फ (दोन यंत्रांमधला खरा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) लावलं तर आकडा ९४ एमबीपीएसवर. हवेत अडचण असती तर आकडा वरखाली नाचला असता. ९४ वर ठाम बसला म्हणजे पोर्ट १०० एमबीपीएसवर आलेला. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि कनेक्टरमध्ये एक तार धड बसलीच नव्हती. नवीन कनेक्टर क्रिंप केला (दाबून पक्का बसवला), आकडा ९४० च्या आसपास गेला. त्यापुढे जायचं तर पोर्टच २.५ गिगाबिटचा हवा. रेडिओला दोष देऊन उपयोग नाही. मी रेडिओला हात लावण्याआधी दोन्ही टोकांची यंत्रं सरळ केबलने जोडून आयपर्फ चालवतो. एवढाही धीर नसलेल्यांनी निदान पोर्टचा स्पीड तरी वाचावा.

दुसरी आवडती चूक म्हणजे ॲक्सेस पॉइंट (वायरलेस सिग्नल देणारं यंत्र) टेबलावर ठेवणं. या लहरी जेमतेम ५ मिलिमीटरच्या. मधे माणूस आला की सिग्नल २० डेसिबल किंवा जास्तच घटतो, म्हणजे शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी उरतो. रिकाम्या खोलीत टेस्ट करून खूश होणारे मीटिंग सुरू झाली की फोन करतात. छताजवळ, कोपऱ्यात लावा आणि खोली भरलेली असताना मोजा.

हवेतला ऑक्सिजन सिग्नल खातो, हे खरं, पण किलोमीटरला साधारण १५ डेसिबल. खोलीतल्या १० मीटरला ते ०.१५ होतं. हे कारण सांगणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं.

विटांच्या भिंतीपलीकडे लिंक मागू नका. धातूचा लेप असलेल्या काचेतूनही नाही.

चॅनल बाँडिंग (शेजारचे चॅनल जोडून एक रुंद चॅनल करणं) पहिल्याच दिवशी चालू करू नका. रुंदी दुप्पट झाली की नॉइज (सिग्नलमधला नको असलेला गोंगाट) ३ डेसिबलने वाढतो. सिग्नल आधीच काठावर असेल, तर स्पीड वाढण्याऐवजी घटतो.

आणि स्पीडटेस्टच्या साइटचे स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात तुमची इंटरनेट लाइन मोजली जाते.