तान्ह्या बाळाला घेऊन गणपतीला गावी जाताय? या चुका टाळा

माझी लेक सात महिन्यांची होती तेव्हा आम्ही तिला घेऊन पहिल्यांदा गणपतीला गावी गेलो. ठाण्याहून रात्रीची गाडी, सकाळी कुडाळ. पुढे धाकटा झाला, त्याला तर पाचव्या महिन्यातच नेलं. दोघांचे मिळून सात-आठ प्रवास झाले असतील. एवढ्यावरून एक गोष्ट मला पक्की कळली. गाडीत बाळ फारसं बिघडत नाही. घोटाळा होतो तो निघायच्या आदल्या दिवशीच्या धावपळीत, आणि गावी पोचल्यावर, जेव्हा आपण 'पोचलो एकदाचे' म्हणून सैल पडतो तेव्हा. म्हणून इथे डब्यातल्या रात्रीपेक्षा आधीचं आणि नंतरचंच जास्त लिहिलंय.

लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी निघालो

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींनंतर ताप आलाच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. मांडीवर टोचलेल्या जागी दुखत असतं, बाळाला कुणी उचललेलंही नको असतं. नेमक्या त्याच रात्री त्याला बर्थवर निजवायचं म्हणजे त्याचेही हाल आणि आपलेही. नर्सताईंना प्रवासाची तारीख सांगा, त्या दिवस सुचवतात. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीचं थोडं वेगळं आहे. तिचा ताप आठवड्या-दीड आठवड्यानंतरही येऊ शकतो, तेव्हा गावी अंग गरम लागलं तर ही लस कधी टोचली होती ते आठवून पाहा.

प्रवासापायी लस महिनाभर पुढे ढकलणं ही मात्र त्याहून मोठी चूक. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही सरकारी लस मोफतच मिळते. फक्त माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं. ते कपड्यांच्या बॅगेत तळाशी नको, पर्समध्ये ठेवा.

तापाचं औषध 'तेच तर आहे' म्हणून दिलं

या एका चुकीवर मला सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या घरात ती होता होता राहिली.

लेकीला आमच्या डॉक्टरांनी तापासाठी पॅरासिटामॉलचं सिरप लिहून दिलं होतं, पाच मिली. बाटली घरीच राहिली. गावी दुसऱ्या रात्री ताप चढला, नवरा बाजारात जाऊन औषध घेऊन आला. खोक्यावर नाव पॅरासिटामॉलच. मी झाकणात पाच मिली ओतलं आणि कंदिलासारख्या मंद दिव्याखाली सहज बाटली फिरवून पाहिली. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दर मिलीत १०० मिलिग्रॅम'. ते थेंबांचं औषध होतं. मी ओतलेलं औषध तसंच बाटलीत परत टाकलं तेव्हा हात थरथरत होते.

यामागचं गणित साधं आहे. लहान मुलांच्या सिरपमध्ये बहुतेक वेळा ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलीत साधारण २५. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १००. चौपट फरक. शिवाय ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरपही मिळतं. तान्ह्या बाळाला चौपट डोस गेला आणि तसाच पुन्हा पुन्हा गेला तर यकृताला इजा होऊ शकते. उलट झालं, म्हणजे थेंबांच्या मापाने सिरप दिलं, तर ताप उतरतच नाही आणि आपण घाबरून दुसरं काहीतरी पाजतो.

तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडून बाळाच्या आजच्या वजनानुसार डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, किती तासांनी द्यायचा तेही विचारा. नेहमीच्या बाटलीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, दोघांच्याही. मापाचा ड्रॉपर त्याच बाटलीसोबत रबरबँडने बांधा. दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर वापरू नका.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका. तडक डॉक्टरांकडे. रात्र असली तरी.

गाडीत झोपावं म्हणून औषध

'सर्दीचं औषध दे, शांत झोपेल' हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या बायकांनी, अगदी मायेने दिलाय. कृपा करून ऐकू नका. अशी औषधं तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतात. सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलाय. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचंही तेच. एका वेढ्यात किती गेलं ते कुणालाच मोजता येत नाही.

वेळापत्रक उन्हाळ्याचं, दूध मोजून आणलेलं

कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक असतं आणि गणपती त्यातच येतात. पावसात गाड्यांचा वेग कमी ठेवतात. शिवाय मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी एखाद्या लहानशा स्टेशनात गाडी थांबून राहते. मे महिन्यात केलेल्या प्रवासाचा हिशोब सप्टेंबरला धरू नका. लंगोट, डायपर, खाऊ, सगळं तीन-चार तास जास्तीचं घ्या.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण म्हणूनच त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. खालचा बर्थ मिळवा, मिळाला नाही तर डब्यात विनंती करून बदलून घ्या. आमच्याकडे कुणीही आजवर नाही म्हटलेलं नाही. बाळ भिंतीच्या बाजूला, आपण कडेला. खिडकीचं लोखंडी शटर मात्र खिटी नीट लागली आहे का ते हाताने हलवून पाहा. ते निसटून खाली आलं की चिमुकली बोटं सापडतात.

वरचं दूध चालू असेल तर पावडर कोरड्या डब्यांत एकेका वेळेपुरती मोजून घ्या. पाणी उकळून थर्मासमध्ये निघताना भरा, दुपारी भरून ठेवू नका. पावडर कालवताना पाणी निदान ७० अंश सेल्सिअस गरम हवं, मग बाटली बाहेरून गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाका. जीव तुटतो, पण टाका.

अंगावरचं पिणाऱ्या सहा महिन्यांखालील बाळाला उकाड्यातही पाणी लागत नाही. पाणी लागतं ते आईला. आणि इथे आपण बायका हटकून एक चूक करतो. डब्यातल्या शौचालयात जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. मग पहाटे दूध कमी वाटतं, बाळ सारखं ओढतं आणि आपल्याला वाटतं, प्रवासाने दूध आटलं. भरपूर पाणी प्या आणि बाळ ज्याच्याकडे द्यायचं त्याच्याकडे देऊन निर्धास्त जाऊन या. नवरा सोबत असतो तो याचसाठी. एसटीने जाणार असाल तर अनेक स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, चौकशीच्या खिडकीवर विचारा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या आईचं नाव त्याला दिलंय. तिथे बसून पाजायला संकोच कसला?

रडतंय म्हणून फक्त पाजत राहिलो

चिपळूण गेलं आणि लेक रडायला लागली. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, खांद्यावर घेऊन डब्याच्या दारापर्यंत चार फेऱ्या मारल्या. थांबेना. समोरच्या बर्थवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, तिचे मोजे काढून बघ." काढले. डाव्या पायाचं तिसरं बोट लाल-जांभळं होऊन सुजलं होतं, आणि त्याच्या मुळाशी माझाच एक लांब केस दोन वेढे घालून रुतला होता.

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस गळू लागतात. ते मोज्यात, झबल्याच्या बाहीत अडकतात आणि बाळाने पाय चोळले की बोटाभोवती आवळतात. मावशींनी मोबाईलचा उजेड धरला, मी नखाने टोक शोधून केस सोडवला. पाच मिनिटांत ती झोपली. केस सुटला नसता किंवा दिसेनासा झाला असता, तर पुढच्या स्टेशनावर उतरून दवाखाना गाठणं भाग होतं, कारण बोटाचा रक्तपुरवठाच थांबतो. तेव्हापासून मोजे घालताना उलटे करून झटकते, आणि बाळ विनाकारण रडतंय असं वाटलं की हातापायाची वीसच्या वीस बोटं पाहते. मुलग्याची शूची जागाही पाहावी, तिथेही केस अडकतो.

दुसरं कारण, गुंडाळून ठेवणं. एसी डब्यात टोपरं, स्वेटर आणि वर दोन दुपटी. हात गार लागले की आपण आणखी एक घालतो. बाळाचे हातपाय गारच असतात. मानेमागे हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर काढा.

स्वतःच्या गाडीने निघालात तर

मांडीवरचं बाळ सुरक्षित नसतं, कितीही घट्ट धरलं तरी. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या सीटवर चालू एअरबॅगसमोर अशी खुर्ची कधीच नको. दर दोन तासांनी थांबून बाळाला खुर्चीतून काढा, आडवं करा. घाट चढण्याआधी पोटभर पाजलं तर ते बाहेर येणारच. अर्धा-पाऊण तास आधी पाजा.

गावात पोचल्यावर बाळाला स्कूटरवर पुढे घेऊन देवळात जाणं सर्रास चालतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. त्याहून लहान बाळ दुचाकीवर नकोच.

गावच्या घरात

इथे सगळे प्रेमाने वागतात, म्हणून नाही म्हणणं अवघड जातं. आजेसासूबाई मधाची बाटली घेऊनच बसल्या होत्या. "अगो, मदाचा बोट चाटव तिका, काय एक होणा नाय." मी म्हटलं, "आजी, वर्षाची होईपर्यंत मध नको सांगितलाय. त्यापेक्षा तुमच्या हातांनी तिच्या पायांना खोबरेल लावून द्याल?" त्या खूश झाल्या आणि मधाचा विषय संपला. मधात बोटुलिझमचे जंतू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाला लुळं पाडू शकतात. नुसतं 'नको' म्हणण्याऐवजी हातात दुसरं काहीतरी देणं, हे मी तिथे शिकले.

कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नका. कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते. अंघोळीचं पाणी चुलीवरून उतरवून आणतात, तेव्हा बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय बाळावर तांब्या नाही. डासांसाठी अगरबत्तीच्या धुरापेक्षा मच्छरदाणी बरी.

सजावटीचं मी कळकळीने सांगते. पणतीसारखे दिसणारे बॅटरीवरचे छोटे दिवे असतात, त्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात. झाकण सैल होऊन सेल पडला आणि रांगत्या बाळाने गिळला, तर अन्ननलिका दोन तासांत जळू लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. असे दिवे मखराच्या वरच्या बाजूला लावा किंवा लावूच नका. आणि आरतीनंतर जमिनीवर सांडलेले शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे लगेच झाडून घ्या. घशात काही अडकून बाळाला रडता-खोकताही येईनासं झालं, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापा. न निघाल्यास उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच दाब. आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

पोट बिघडलं तर ओआरएसचं पाकीट अख्खं, त्यावर लिहिलंय तेवढ्याच (मोठं पाकीट असेल तर एक लिटर) उकळून गार केलेल्या पाण्यात. थोडी पावडर पेल्यात, असं नको, क्षारांचं प्रमाण चुकतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. टाळू खोल गेली, सहा-आठ तास शू झाली नाही, बाळ मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर डॉक्टर. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर यातलं काही दिसायची वाट न पाहताच जा.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस

गावी चाळीस माणसांत राहिलेलं बाळ दोन खोल्यांच्या घरात आलं की दोन-तीन रात्री उठून बसतं. ते आजारी नसतं, माणसं शोधत असतं. गाडीतून उतरून सकाळी थेट पाळणाघरात सोडलं तर त्याला फार जड जातं. रजा एक दिवस जास्त मागा. जमलंच तर पाळणाघर पहिल्या दिवशी अर्धाच वेळ. गावी वापरलेलं दुपटं लगेच धुवायला टाकू नका. दोन रात्री तेच अंगावर घालून बाळाला कुशीत घेऊन झोपवा, मग पाळण्यात ठेवताना ते काढून घ्या.