सेकंडहँड जुना कोंगा कसा पारखून घ्यावा

कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच, पिंपासारखा ढोल. जुन्या कोंग्याचं कातडं बदलता येतं, हुक-बोल्ट नवे बसवता येतात, क्रोमवरचा गंज घासला की निघतो. खोड, म्हणजे पिंपासारखं अंग, मात्र जे आहे तेच राहतं. म्हणून पैसे खोडाचे मोजायचे आणि बाकीचं सामान त्याच्यासोबत आलेलं समजायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. दोन थापा मारतात, आवाज आवडला की हात खिशात जातो. पण त्या आवाजातला मोठा वाटा कातड्याचा असतो आणि कातडं आज ना उद्या बदलावंच लागतं.

कोणत्या मापाचा घ्यायचा

कोंग्याचं माप तोंडाच्या व्यासावरून सांगतात. सगळ्यात लहान तो क्विंटो साधारण 11 इंची, मधला कोंगा पावणेबारा इंची आणि सगळ्यात मोठा टुंबा साडेबारा इंची. उंची बहुधा 28 किंवा 30 इंच असते. ही आजची रूढ मापं झाली. जुन्या कारागिरांची मापं पाव-अर्ध्या इंचाने इकडेतिकडे असतात आणि पुढे कातडं शोधताना तेवढ्यानेच अडतं.

एकच घ्यायचा असेल तर मधला घ्या. त्याचा सूर थोडा चढवून तो क्विंटोच्या जवळ नेता येतो, उतरवून टुंब्याचं कामही बऱ्यापैकी निभावतो. तिघांचा ‘सेट’ म्हणून विकायला असेल तर तिन्ही शेजारी उभे करून उंची, बोल्टची संख्या, साइड प्लेटचा (बोल्ट धरणाऱ्या, खोडावरच्या धातूच्या पट्टीचा) आकार आणि लाकडाचा पोत ताडून पाहा. वेगवेगळ्या घरचे तीन कोंगे एकाच रंगात रंगवून सेट म्हणून खपवणं फार अवघड नाही. वाजवायला तसा सेट चालेल, पण त्याला सेटचा भाव देऊ नका.

कोणाचा आणि कधीचा

टुंबादोरा, म्हणजेच कोंगा, मूळचा क्यूबाचा. सगळ्यात जुन्या वाद्यांवर कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे आणि आचेवर तापवून सूर चढवत. असं वाद्य संग्रहासाठी उत्तम, रोजच्या वाजवण्यासाठी गैरसोयीचं. 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला, तिकडून माल येणं थांबलं आणि अमेरिकेतल्या कारखानदारांना वाव मिळाला. बाजारात ‘विंटेज’ म्हणून दिसणारे बरेचसे कोंगे याच कारखान्यांचे असतात.

त्यातलं गॉन बॉप्स हे नाव 1954 पासूनचं, मारियानो बोबादिया यांनी लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेलं. नंतर ते डीडब्ल्यू या ड्रम कंपनीकडे आणि पुढे साबियन या झांजांच्या कंपनीकडे गेलं. त्यामुळे गॉन बॉप्सचा बिल्ला दिसला म्हणजे वाद्य जुनंच, असं नाही. वाल्हे हे लॉस एंजेलिसचंच, टॉम फ्लोरेस यांचं. तेही नाव पुढे लॅटिन पर्कशनने, म्हणजे एलपीने, घेतलं. खुद्द एलपी मार्टिन कोहेन यांनी 1964 मध्ये काढली. जुन्या एलपी बिल्ल्यांवर न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स पार्क किंवा गारफील्डचं नाव असतं, त्यातलं पॅलिसेड्स पार्क आधीचं. नंतर उत्पादन थायलंडला गेलं.

बिल्ला दोन-चार खिळ्यांचा मामला, काढून दुसरीकडे लावता येतो. तो खरा वाटतो का, हे पाहताना त्याच्या कडेचं पॉलिश पाहा. मुळापासून बसलेल्या बिल्ल्याभोवती पॉलिश आणि मळ यांची एक बारीक रेघ जमलेली असते. ती नसेल किंवा शेजारी बुजवलेली भोकं दिसली, तर बिल्ला बाहेरून आलेला आहे.

सोबत काय न्यायचं

टॉर्च, मोजायची टेप, पेन्सिल, एक नाणं आणि नट फिरवायचे पाने (स्पॅनर). पाने इंची आणि मिलिमीटर दोन्ही न्या. अमेरिकी जुन्या वाद्यांचे नट इंची असतात. अर्धा इंची नटावर 13 मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण किंचित सैल असतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. दुसऱ्याच्या वाद्यावर हे झालं तर व्यवहार तिथेच संपला.

खोड तपासताना

विकणाऱ्याला विचारून कातडं उतरवा. प्रत्येक नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत गोल फिरत जा. एकाच बाजूचे नट पूर्ण काढले तर कडं (कातडं दाबून धरणारं धातूचं वलय) तिरकं ओढलं जातं आणि उरलेले हुक वाकतात. उतरवण्याआधी कडं, कातडं आणि खोड यांवर एकाच रेषेत पेन्सिलची खूण करा, म्हणजे सगळं पुन्हा होतं तसं बसेल. कातडं कडेला चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, खालून तळव्याने हलके ठोके द्या. विकणारा उतरवू देत नसेल तर वाद्य आडवं करून निदान खालच्या तोंडातून टॉर्चने आतलं सगळं पाहून घ्या.

आता खोली अंधारी करा, टॉर्च आत ठेवा आणि बाहेरून पाहा. उजेडाची रेघ जिथे दिसेल तिथे खोड फुटलेलं किंवा उघडलेलं आहे. या दोन्हींत फार फरक आहे.

लाकडी कोंगा उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला असतो. लाकूड सुकलं की सांधा उघडतो. रेघ अगदी सरळ आणि दोन पट्ट्यांच्या मधूनच जात असेल तर तो उघडलेला सांधा. तो साफ करून, लाकडाचा गोंद किंवा इपॉक्सी भरून, रॅचेटच्या (खटक्याने आवळायच्या) पट्ट्यांनी चोवीस तास आवळून ठेवला की बहुतेक वेळा कायमचा बसतो. रेघ लाकडाच्या रेषांबरोबर नागमोडी जाऊन पट्टीच्या पोटातून निघत असेल तर ती तडा. लहान तडा भरता येतो. वरच्या कडेपर्यंत पोचलेला किंवा साइड प्लेटच्या भोकातून गेलेला तडा असेल तर वाद्य सोडून द्या. कातड्याचा सगळा ताण बोल्टमधून त्या प्लेटवर येतो, आणि प्लेट खोडाला त्याच भोकांपाशी धरलेली असते. तिथला तडा दर वेळी सूर चढवताना थोडा थोडा वाढत जातो. पोटावर आडवा तडा दिसला तर वाद्य जोरात पडलेलं आहे, त्यालाही हात लावू नका.

एकदा दुरुस्त होऊन पुन्हा उघडलेला सांधा ताज्या उघडलेल्या सांध्यापेक्षा वाईट. त्यात जुना गोंद, मळ, कधी कधी तेल शिरलेलं असतं आणि नवा गोंद लाकूड धरत नाही. पुट्टी भरून वर जाड रंग दिलेला असेल तर नाण्याने टिचक्या मारत जा. भरलेल्या जागी आवाज बदलतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे खरवडण्याचं काम असेल तर तोंडाला मास्क लावूनच करा.

मग वरची कड. तिच्यावरून बोट फिरवा. खाचा, दबलेली जागा, दोन पट्ट्यांमधली पायरी हे सगळं बोटाला डोळ्यांआधी कळतं. त्यानंतर व्यास चार दिशांनी मोजा. 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालून जातो, कारण कातडं ओलं असताना बसवतात आणि ते खोडाचा आकार घेतं. फरक 6 मिलिमीटरच्या वर गेला की कडं एका बाजूला खोडाला घासतं. सिंथेटिक (प्लास्टिकचं) कातडं तर त्याहून लवकर अडतं. त्याची गोलाई कारखान्यातच ठरलेली असते, ती लाकडाचं ऐकत नाही.

पूर्वी कुणी कड कापून सपाट केली आहे का, हेही पाहा. हा दोष सहसा निसटतो. कोंगा वर निमुळता असल्यामुळे कड कापली की तोंडाचा व्यास वाढतो. मग त्या मापाचं तयार कातडं बसत नाही, शिवाय प्लेट कडेच्या जवळ येऊन बोल्टला खेचायला जागा कमी उरते. कडेचं लाकूड बाकीच्या खोडापेक्षा ताजं, फिकट दिसलं किंवा शेजारच्या कोंग्यापेक्षा उंची थोडी कमी भरली तर हीच शंका घ्या.

आत बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा असेल तर कीड लागलेली आहे. भुसा झटकून खाली पांढरा कागद पसरा आणि बाकीची तपासणी होईपर्यंत तसाच राहू द्या. कागदावर पुन्हा भुसा पडला तर कीड जिवंत आहे.

फायबरग्लासच्या खोडाचं गणित वेगळं. वरच्या थरावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा बहुधा नुसत्या दिसण्यापुरत्या असतात. आतून त्याच जागी पांढरट डाग असेल आणि नाण्याचा आवाज बद्द येत असेल तर थर सुटलेले आहेत.

लोखंडी सामान

प्रत्येक नट हाताने पूर्ण फिरवून पाहा. मध्येच अडकला तर आटे खराब, सहज गरगर फिरला तर आटे झिजलेले. बोल्ट सपाट टेबलावर गडगडवला की वाकडेपणा लगेच दिसतो. कड्याचे वेल्डिंगचे सांधे नखाने तपासा, तिथली बारीक चीर पुढे ताणाखाली उघडते. साइड प्लेट वरच्या बाजूने खोडापासून सुटून पुढे झुकली असेल तर वाद्य वर्षानुवर्षं जास्त चढवून ठेवलेलं आहे. असं दिसलं की त्या प्लेटमागचं लाकूड पुन्हा एकदा पाहा.

गंजाला घाबरू नका. बारीक स्टील वूल आणि तेलाचा एक थेंब पुरतो. पण क्रोमचे पापुद्रे निघत असतील तर ते घासून परत येत नाहीत. बदली बोल्ट घेताना आट्यांचं माप जुळलं पाहिजे. जुन्या, बंद झालेल्या कारखान्याचा एक हुक मिळवणं कधी कधी पूर्ण कातड्यापेक्षा अवघड जातं. एखादा बोल्ट गायब असेल तर ते किरकोळ समजू नका.

कातडं आणि आवाज

कातडं पाहताना नटांखाली बोल्टची किती शेपटी बाहेर आली आहे ते बघा. फार लांब आली असेल आणि कडं प्लेटच्या जवळ पोचलं असेल, तर कातडं ताणून संपलं. त्याची किंमत शून्य धरा. गाय-बैलाची, म्हशीची आणि खेचराची कातडी वापरात असतात. रिंगजवळ कोरडे पडलेले पट्टे किंवा चिरा दिसल्या तर तेही जाणारच.

आता वाजवा. विकायला ठेवलेलं वाद्य बहुधा चढवलेलं असतं, कारण ताणात सगळं आवळून बसतं आणि खडखड लपते. प्रत्येक नट अर्धा फेरा उतरवून ओपन टोन (मोकळा सूर), बास (तळव्याचा खोल आवाज) आणि स्लॅप (कडक चापट) ऐका. झणझण ऐकू आली तर एकाने वाजवावं आणि दुसऱ्याने एकेक प्लेट हाताने दाबावी. दाबल्यावर थांबली तर स्क्रू सैल, म्हणजे पाच मिनिटांचं काम. कशानेच थांबली नाही तर पुन्हा टॉर्च काढा.

भाव ठरवताना आणि लांबून घेताना

तुलना मागितलेल्या किमतीशी करू नका, तशाच अवस्थेतलं वाद्य प्रत्यक्षात कितीला गेलं ते पाहा. त्यातून नवं कातडं, लागणारे बोल्ट आणि सांध्याची दुरुस्ती वजा करा. मूळ पॉलिश ओरखड्यांसह असेल तर ते नव्या रंगापेक्षा मोलाचं. चकचकीत रंगवलेला जुना कोंगा जास्त भावाने घेण्याचं काहीच कारण नाही.

फोटोंवरून घेत असाल तर एवढे मागा: वरच्या कडेवर टेप दोन दिशांनी धरून, खालच्या तोंडातून आत टॉर्च मारून, प्रत्येक साइड प्लेट जवळून, बिल्ला जवळून. शिवाय तिन्ही आवाजांचा छोटा व्हिडिओ. ‘अवस्था उत्तम’ या दोन शब्दांवर पैसे पाठवू नका. पाठवण्याआधी नट दोन फेरे सैल करायला सांगा आणि वरचं कडं व खालचा तळ दोन्हीकडे जाड गादी घालून दुहेरी खोक्यात भरायला सांगा.

घरी आल्यावर

आठवडाभर कातडं सैलच ठेवा. उन्हात किंवा गरम हवेच्या झोतात ठेवू नका, लाकूड नव्या हवेला हळूहळू रुळू द्या. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. नवं सपाट कातडं बसवायचं असेल तर ते गार पाण्यात रात्रभर भिजवा. गरम पाण्याने कातडं आखडतं आणि कडक होतं. ओलं असताना कडं समतोल बसेल इतकंच आवळा, जोर देऊ नका, आणि तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या.

सूर चढवताना गोल फिरत प्रत्येक नट पाव फेरा, एवढंच. मधला कोंगा सा, टुंबा खालचा प आणि क्विंटो ग, ही ठेवण बरीच प्रचलित आहे. कातड्याचं वाद्य वाजवून झालं की प्रत्येक नट एक-दोन फेरे उतरवा. किती फेरे उतरवले ते लक्षात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सूर लवकर सापडतो.