मान सरळ हवी, तर आधी बैठक उचला

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही घरात डोकवा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, आणि त्यावर वाकलेली मान. १००० विड्या होईपर्यंत ती वर येत नाही. संध्याकाळी मानेला बाम चोळायचा. घरचे म्हणतात, ‘ताठ बस की!’ बाई दोन मिनिटं ताठ बसते, पुन्हा पाठीला पोक येतं. यात तिचा आळस नाही. मान ज्याच्यावर उभी आहे ते खालीच ढळलंय.

मानेत ७ मणके, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालचं त्रिकास्थी ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात, म्हणजे श्रोणीत, पाचरीसारखं बसलेलं असतं. श्रोणी मागे कलंडली की कमरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठ गोल होते आणि हनुवटी पुढे निघते. साडेचार-पाच किलोचं डोकं मग मानेमागचे स्नायू दिवसभर ओढून धरतात.

आधी हे स्वतःवर पाहा. आरशाला बाजू करून मांडी घाला, दोन्ही हात बुडाखाली सरकवा. दोन टणक हाडं लागतील. पोट सैल सोडून कंबर मागे जाऊ द्या: भार माकडहाडाकडे जातो, हनुवटी पुढे येते. आता कंबर हळू पुढे आणा. भार त्या दोन हाडांवर आला की हनुवटी आपसूक आत जाते. मानेला तुम्ही काहीच केलेलं नसतं!

ही जागा टिकवायला उंची लागते. घरातली जुनी सोलापुरी चादर घ्या, घट्ट घडी घालून चार-पाच इंच उंच करा. ती फक्त बुडाखाली ठेवा, मांड्यांखाली नको. गुडघे खुब्यांपेक्षा खाली आले की जमलं. नाही आले तर आणखी एक घडी. छाती काढून कंबर जास्त आत ओढू नका, त्यानंही कंबर दुखते.

मग काम वर आणा. मांडीवर उशी, उशीवर सूप. टॉवेल शिवणाऱ्यांनी खुर्चीवर हीच घडी ठेवावी, तळवे मात्र जमिनीला टेकलेले हवेत.

मान सगळ्यात शेवटी. नजर समोर, हनुवटी सरळ मागे न्या, ५ सेकंद थांबा, सोडा. असं ८-१० वेळा. दर अर्ध्या तासानं उठून घोटभर पाणी पिऊन या. कितीही चांगली बैठक असली तरी एकाच जागी बसणं शरीराला सोसत नाही.

प्रत्येक मानदुखीचं मूळ कमरेतच असतं असं नाही. हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा असेल, पकड सुटत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद एकाएकी गेली, तर रोजाचा विचार न करता त्याच दिवशी सिव्हिल गाठा.