विंडोजवर डॉकर लगेच बंद पडतो, ‘नो सच फाइल’ म्हणतो आणि फाइल तर तिथेच असते

आमच्या छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये नवीन येणारा विंडोजवाला हमखास इथेच अडकायचा. रीडमीप्रमाणे क्लोन केलं (गिटने कोडची कॉपी घेतली), डॉकर कंपोज अप दिलं की कंटेनर (डॉकर ज्यात प्रोग्रॅम चालवतो तो लिनक्सचा डबा) लगेच बंद, एरर काय तर ‘एक्झेक एंट्रीपॉइंट डॉट एसएच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. (एंट्रीपॉइंट म्हणजे कंटेनर सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट.) डॉकर परत टाकला, सीएचमॉडने फाइलला चालवायची परवानगी देऊन पाहिलं, इमेज नव्याने बिल्ड केली, काही नाही. दोन रविवार गेले, डोक्याची मंडई.

शेवटी ती स्क्रिप्ट व्हीएस कोड एडिटरमध्ये उघडून खाली उजवीकडे बघितलं तर ‘सीआरएलएफ’, म्हणजे ओळ संपवायची विंडोजची खूण; लिनक्सची नुसती ‘एलएफ’. म्हणजे विंडोजच्या गिटने ऑटोसीआरएलएफ या सेटिंगमुळे चेकआउट करतानाच ओळींची शेवटं बदलली होती, आणि कंटेनरमधला लिनक्स पहिल्या ओळीतल्या ‘बिन एसएच’ला (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारं नाव) चिकटलेल्या त्या न दिसणाऱ्या कॅरेक्टरसकट प्रोग्रॅम शोधत बसला, तो कुठून सापडणार.

उपाय असा: आधी रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) रूटमध्ये ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल केली, त्यात एकच ओळ: स्टार डॉट एसएच, स्पेस, टेक्स्ट, स्पेस, ईओएल इक्वल्स एलएफ (सगळं स्मॉल अक्षरांत, इक्वल्सच्या आजूबाजूला स्पेस नाही). कमिट, पुश. मग ज्यांच्याकडे जुना क्लोन आहे त्यांनी गिट पुल करायचं, पण नुसत्या पुलने जुनी स्क्रिप्ट बदलत नाही, तिथे मीही फसलो. ती एंट्रीपॉइंटची फाइल डिलीट करायची, गिट चेकआउटने तीच परत आणायची, व्हीएस कोडमध्ये खाली ‘एलएफ’ दिसतंय ना बघायचं, आणि मगच डॉकर कंपोज अप, सोबत डबल डॅश बिल्ड.

रीडमीत हा एरर आता शब्दशः टाकलाय, अप कमांडच्या लगेच खाली, कारण लोक सर्च एररचाच करतात.