तुळजापुरात झड लागली तर खोलीत कवड्यांचा पट मांडा

मराठवाड्यात पाऊस नको तेव्हा गाठतो. जून-जुलै कोरडे काढायचे आणि सप्टेंबरात, ऐन नवरात्राच्या तोंडावर, दोन-दोन दिवस झड लावायची, ही इथली जुनी खोड. दर्शन सकाळीच उरकलेलं असतं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते आणि भक्तनिवासाच्या एका खोलीत आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे कोंडलेले असतात. अशा वेळी सल्ले ठरलेले: मॉलमध्ये जा, नाहीतर पोरांच्या हातात मोबाइल द्या. तुळजापूर हे काही मॉलचं गाव नव्हे, आणि वीज गेली की मोबाइलची बॅटरी परतीच्या वाटेसाठी राखावी लागते.

नुसती भुरभुर असेल आणि हाताशी गाडी असेल तर तेरला जा. तुळजापूरहून धाराशिवमार्गे साधारण ४० किलोमीटर पडतं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातले मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. तेर म्हणजे तेव्हाचं तगर, व्यापाराची मोठी पेठ. सोमवारी सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात, म्हणून आधी चौकशी करा. वाटेतल्या ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर मुकाट्याने मागे फिरा. नळदुर्गचा पाणीमहाल 'आतला' आहे म्हणून पावसात लहान मुलांना घेऊन तिथे जायला सांगणारे बरेच भेटतील. तो बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे आणि ओल्या दगडी पायऱ्या उतरल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. मुसळधार पावसात तो बेत नकोच.

झड असेल तर खोलीतच बसायचं आणि चल्लस-आठ मांडायचं, म्हणजे कवड्या टाकून पटावर सोंगट्या फिरवायचा खेळ. कुणी त्याला अष्टाचंग म्हणतं, गावागणिक नाव बदलतं. सामान देवळाजवळच्या दुकानांतच मिळतं, कारण भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते आणि कवड्या तिथे सुट्याही विकत मिळतात. गळ्यातल्या माळेच्या कवड्या मात्र खेळासाठी सोडू नका, आजी ऐकून घेणार नाहीत.

कवड्या चार लागतात, एकाच आकाराच्या. ओवण्यासाठी पाठ घासलेली किंवा कापलेली कवडी घेऊ नका. तिचा तोल बदललेला असतो आणि दान एकसुरी होऊ शकतं. दुकानातच दहा वेळा टाकून बघा, जी दहाही वेळा एकाच अंगावर पडेल ती परत द्या. कवड्या नाहीच मिळाल्या तर दोन चिंचोके फोडून त्यांची चार दलं करा. पांढरी बाजू वर आली की उताणी धरा. तीन वर्षांखालचं मूल खोलीत असेल तर कवड्या, सुपाऱ्या सगळं त्याच्या हातापासून लांब ठेवा, तोंडात जायला वेळ लागत नाही.

पट पाच बाय पाच घरांचा. शहाबादी फरशी असेल तर खडूने थेट जमिनीवर काढा, नंतर ओल्या फडक्याने पुसता येतो. गुळगुळीत टाइलवर खडू उमटत नाही, तिथे पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा वापरा. माप मोबाइलच्या रुंदीचं घ्या. ती सातेक सेंटीमीटर असते, म्हणजे पट ३५ सेंटीमीटरचा होतो. कागद दुमडून घरं पाडू नका. घडीने चार किंवा आठ भाग होतात, पाच होत नाहीत. पाच घरांना रेघा सहा लागतात. पाच रेघा मारून चारच घरं निघाली, असं हमखास होतं, आणि चार घरांच्या पटाला मधलं घरच नसतं. चारही बाजूंच्या बरोबर मधल्या घरात आणि पटाच्या मध्यावर फुली मारा. फुलीवर सोंगटी मरत नाही.

सोंगट्या म्हणून सुपाऱ्या, बाटल्यांची झाकणं, हळकुंडाचे तुकडे काहीही चालेल, फक्त चौघांच्या चार तऱ्हा हव्यात. फुटाणे नकोत. तिसऱ्या डावात सोंगटी कुणी खाल्ली यावरून भांडण लागतं.

दान आणि वाट

जितक्या कवड्या उताण्या, म्हणजे फटीची बाजू वर, तितकं दान. चारही उताण्या म्हणजे चार, चारही पालथ्या म्हणजे आठ. दुसऱ्याच्या सोंगटीच्या घरात आपली सोंगटी नेमकी जाऊन बसली की ती मारली. चार किंवा आठ पडले, किंवा सोंगटी मारली, की पुन्हा टाकायचं. कवड्या वीतभर उंचीवरून टाकायच्या. हळूच 'ठेवलेलं' दान आणि भिंतीला टेकून तिरपी राहिलेली कवडी, दोन्ही बाद, परत टाका. गादीवर टाकू नका, तिथे कवड्या रुततात, उलटत नाहीत.

खेळ बिघडतो तो वाटेच्या वळणावर, आणि नियम सांगणारे नेमके हेच एका वाक्यात उरकतात: 'बाहेरून फिरून आत जायचं.' आत कुठून जायचं आणि मग कुठे वळायचं? हे नीट ठरलं नाही तर आतल्या घरांत दोघांच्या सोंगट्या समोरासमोर येतात, कोण बरोबर ते कुणालाच सांगता येत नाही आणि पट उधळला जातो.

म्हणून हे सावकाश करा. प्रत्येकाने पटाकडे तोंड करून आपल्या बाजूच्या फुलीसमोर बसायचं. तीच आपली सुरुवात. सोंगटी आपल्या उजव्या हाताकडे निघते, कडेकडेने पूर्ण पट फिरते आणि आपल्या फुलीच्या डावीकडच्या घरात येते. इथवर पंधरा पावलं झाली. आता पुन्हा फुलीवर जायचं नाही. त्या डाव्या घरातून सरळ पुढे, म्हणजे आतल्या रांगेत शिरायचं. आत दिशा उलटते: डाव्या अंगाने आपल्यापासून लांब जायचं, पलीकडून उजवीकडे वळायचं, उजव्या अंगाने आपल्याकडे परत यायचं आणि आपल्या फुलीच्या बरोबर पुढच्या घरात थांबायचं. ही आतली आठ घरं. चोविसावं पाऊल मधल्या फुलीवर पडतं, आणि तिथे नेमक्या दानानेच जाता येतं.

पहिल्या डावाआधी एक सोंगटी बोटाने धरून, मोठ्याने मोजत चारही बाजूंनी एकेकदा फिरवून दाखवा. मध्यावर चोवीस आले नाहीत तर वळण चुकलंय. चौघांच्या वळणाच्या घरात खडूने छोटा बाण काढून ठेवा. बाणाशिवाय खेळू असं म्हणणारा घरातला एखादा जाणता असतोच, आणि दुसऱ्या फेरीला चुकतोही तोच.

कोणते नियम ठेवायचे

चार किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी निघणारच नाही, असा नियम काही घरी असतो. मुलं असतील तर तो सोडून द्या. कवड्या नाण्यासारख्या सारख्याच पडतात असं धरलं तरी चार किंवा आठ सरासरी आठ दानांतून एकदाच येतात. खेळणारे चौघे, म्हणजे पोराची पहिली सोंगटी निघेपर्यंत खोलीत तीसेक दानं पडून गेलेली असतात. तोवर ते मोबाइल मागायला लागतं. सगळ्या सोंगट्या पहिल्या दानापासून मोकळ्या ठेवा.

दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही, हा नियम मात्र मोडू नका. 'लहान आहे, राहू द्या' म्हणून तो काढला की उरते ती नुसती मोजणी, आणि अर्ध्या तासात सगळे कंटाळतात. अगदी लहानग्याला आजीच्या जोडीला बसवा: दान त्याने टाकायचं, चाल आजीने सांगायची. मेलेली सोंगटी परत आपल्या फुलीवर जाते, हे रडू कोसळण्याआधीच सांगून ठेवा. खेळणारे दोघेच असतील तर मारण्याची सक्ती काढा, कारण इतक्या मोकळ्या पटावर गाठ क्वचितच पडते.

नियमाने सोंगट्या प्रत्येकी चार. मुलांसोबत दोनच ठेवा, नाहीतर जेवणाची वेळ टळते.

खायला खाली कुठे सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) किंवा भजी मिळाली तर बघा, पण तेलकट हाताने कवड्या धरू देऊ नका, निसटतात. माणसं चाराच्या वर गेली तर जोड्या लावा. आठच्याही वर असतील तर पट आवरून पत्त्यांचा झब्बू घ्या.