वीजबिल वाढले की होणाऱ्या या चुका टाळा

वीजबिल हातात पडले की पहिली नजर जाते ती भरावयाच्या रकमेवर, आणि ती मोठी दिसली की त्याच दिवसापासून घरातले दिवे बंद करण्याची मोहीम सुरू होते. ही पहिली चूक आहे. बिलावरची अंतिम रक्कम ही वापरलेल्या युनिटांचा आकार, स्थिर आकार, इंधन खर्चाचे समायोजन, कर, मागील थकबाकी, विलंब आकार आणि कधी कधी वाढीव सुरक्षा ठेवीची मागणी अशा अनेक गोष्टींची बेरीज असते. त्यामुळे रक्कम वाढली म्हणजे विजेचा वापर वाढला, असे लगेच म्हणता येत नाही. प्रथम पाहावे ते युनिट, आणि तेही महिन्याचे नव्हे तर दिवसाचे. एका बिलाचा कालावधी २८ दिवसांचा आणि पुढच्याचा ३५ दिवसांचा असेल, तर वापर तसूभरही न बदलता युनिट २५ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. मागील आणि चालू रीडिंगमधील फरकाला त्या दोन तारखांमधील दिवसांनी भागले, की वापर खरोखर वाढला आहे की नाही, हे स्पष्ट होते.

रीडिंग न तपासता बिल स्वीकारणे

बिलावर रीडिंगच्या रकान्याजवळ ‘सरासरी’, ‘अंदाजे’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा आहे का, हे अनेक जण पाहतच नाहीत. असा शेरा असेल तर ते बिल मीटरवरून नव्हे, तर पूर्वीच्या वापराच्या अंदाजावरून तयार झालेले असते. असे दोन-तीन महिने कमी रकमेचे बिल आले की बरे वाटते. परंतु पुढे प्रत्यक्ष रीडिंग घेतले जाते तेव्हा साचलेले सर्व युनिट एकाच बिलात येतात. जेथे टप्प्याटप्प्याने वाढणारे दर आहेत, तेथे हे युनिट एकाच महिन्याचे धरले गेल्यास त्यातील बराचसा भाग महागड्या टप्प्यात जातो. म्हणून अशा बिलात युनिटांची विभागणी त्या-त्या महिन्यांवर केली आहे का, हे तपासून नसल्यास तशी मागणी करावी. दर महिन्याला ठरावीक तारखेला मीटरच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय अशा वेळी फार उपयोगी पडते. मीटरच्या पडद्यावर तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी असे अनेक आकडे आळीपाळीने येत असल्यामुळे ज्या आकड्यापुढे किलोवॉट-तास (kWh), म्हणजेच युनिट दर्शविणारे चिन्ह असेल तोच टिपावा.

टप्प्यांच्या दरांबद्दलही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मर्यादा ओलांडली की पहिल्या युनिटापासून सगळाच वापर महाग होतो, असे अनेकांना वाटते. टप्पेनिहाय आकारणीत सहसा मर्यादेच्या वरचे युनिटच चढ्या दराने मोजले जातात. मात्र एखादी सवलत एकूण वापरावर अवलंबून असेल तर ती मर्यादा ओलांडताच जाऊ शकते, म्हणून बिलामागे छापलेले दरपत्रक एकदा तरी वाचावे. या रचनेचा ग्राहकाच्या बाजूचा अर्थ असा, की वाचवलेला युनिट हा आपला वापर जेथवर पोहोचला आहे त्या सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातला असतो. बचतीचा हिशेब सरासरी दराने केला तर ती प्रत्यक्षापेक्षा कमी भासते आणि प्रयत्न अर्ध्यावर सोडले जातात.

लहान गोष्टींवर कष्ट आणि मोठ्यांकडे दुर्लक्ष

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एक युनिट म्हणजे १००० वॉटचे उपकरण एक तास चालवणे. हे सूत्र हाताशी असले की कोणत्या उपकरणामागे लागायचे, हे कोणालाही विचारावे लागत नाही: उपकरणाचे वॉट गुणिले वापराचे तास भागिले १०००. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट संपवायला १११ तास घेतो. २००० वॉटचा गिझर तेच काम अर्ध्या तासात करतो. नुसता प्लगला लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जर महिन्याभरात पाव युनिटही खात नाही, तरी तो काढण्यावरून घरात वाद होतात. उलट, टीव्ही बंद केल्यावरही चालूच राहणारा सेट टॉप बॉक्स दहा वॉट घेत असेल, तर महिन्याला सात युनिटांहून अधिक वीज जाते, आणि त्यातील बरीचशी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की विजेपासून उष्णता निर्माण करणारी उपकरणे आणि कॉम्प्रेसरवर चालणारी उपकरणे (एसी, फ्रिज) यांतच घराचा बहुतांश वापर दडलेला असतो. त्यांच्या जोडीला येतो तो पंखा, कारण त्याचे वॉट थोडे असले तरी तास फार असतात. जुना ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. त्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा असेल तर ११ युनिटांच्या आत भागते. पंखा मंद ठेवल्याने वीज वाचते की नाही, हे रेग्युलेटरवर ठरते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वापर खरोखर घटतो. जुन्या, मोठ्या खोक्याच्या रेग्युलेटरमध्ये वाचलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णता होऊन वाया जातो.

गिझरच्या बाबतीत ‘सारखा चालू-बंद केल्याने जास्त वीज लागते’ हा समज चुकीचा आहे. पंधरा लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवायला साधारण अर्धा युनिट लागतो, म्हणजे २००० वॉटच्या गिझरला सुमारे पंधरा-सोळा मिनिटे. दिवसभर बटण चालू राहिले तर टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढण्यासाठी तो पुनःपुन्हा चालू होतो आणि ही वीज पूर्णपणे वाया जाते. तसेच थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला गिझर आपोआप बंद करणारा भाग) अति उंच ठेवून नंतर गरम पाण्यात थंड पाणी मिसळणे हा टाकीतून अधिक उष्णता गमावण्याचाच मार्ग आहे.

एसी आणि फ्रिज चुकीच्या पद्धतीने वापरणे

एसी १६ अंशांवर ठेवला की खोली लवकर थंड होते, असे मानून तो लावला जातो आणि मग थंडी वाजू लागली की पांघरूण घेतले जाते. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ अंशांवर आणि २४ अंशांवर सारख्याच जोराने काम करतो. फरक इतकाच, की १६ अंशांवर तो जवळजवळ थांबतच नाही. कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणाऱ्या इन्व्हर्टर एसीतही कमी तापमानाची मागणी म्हणजे कॉम्प्रेसर अधिक काळ अधिक वेगाने फिरणे. एक अंश वाढवल्याने एसीच्या वापरात साधारण सहा टक्क्यांच्या आसपास बचत होते, असे सामान्यतः धरले जाते. सोबत मंद पंखा लावला तर एक-दोन अंश वाढवूनही गारवा तितकाच जाणवतो. एसीची जाळी (फिल्टर) धुळीने भरली, की हवा कमी खेळते आणि त्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. हंगामात दर दोन आठवड्यांनी जाळी धुणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

फ्रिज मात्र बंद करून वीज वाचवण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी त्याच्या दाराचे रबर तपासावे: दारात कागदाची पट्टी अडकवून ओढावी, आणि ती सहज निसटली तर तेथून गारवा बाहेर जात आहे, असे समजावे. फ्रिजच्या मागे व बाजूंना हवा खेळेल इतकी जागा ठेवावी, आणि बर्फ साचणाऱ्या जुन्या प्रकारच्या फ्रीझरमध्ये जाड थर होऊ देऊ नये.

वीज वाचवणाऱ्या डबीवर विश्वास ठेवणे

प्लगमध्ये खोचताच बिल बरेच कमी करण्याचा दावा करणाऱ्या छोट्या डब्या बाजारात मिळतात. त्यांत मुख्यतः एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) असतो, जो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, थोडाफार सुधारू शकतो. परंतु ज्या घरगुती मीटरवर आकारणी किलोवॉट-तासांवर होते, तेथे पॉवर फॅक्टर सुधारल्याने युनिट कमी होत नाहीत. या डबीवर खर्च करणे म्हणजे वापर आहे तसाच ठेवून वर तिच्या दिव्याच्या विजेची भर घालणे होय.

मीटर वेगाने फिरतो, असे परीक्षेशिवाय ठरवणे

मीटरवर शंका असेल तर तक्रारीपूर्वी दोन साध्या परीक्षा घरीच कराव्यात. पहिली परीक्षा गळतीची. घरातील सर्व उपकरणे बंद करून त्यांचे प्लग काढावेत आणि मीटरवरचा लहान दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिला तर कोठे तरी वीज वापरली जात आहे. काही मीटरमध्ये वापर शून्य असताना तो स्थिर पेटलेला राहतो. त्याला घाबरू नये. आता घराचा मुख्य स्विच बंद करावा. लुकलुकणे थांबले तर दोष घरातील वायरिंगमध्ये किंवा नजरेतून सुटलेल्या एखाद्या उपकरणात आहे. मुख्य स्विच बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि स्विच यांच्या दरम्यान दुसरी जोडणी असण्याची किंवा मीटरच सदोष असण्याची शक्यता आहे, आणि ते काम परवानाधारक वायरमनला दाखवावे. तेथे स्वतः हात घालू नये.

दुसरी परीक्षा अचूकतेची. मीटरवर एका युनिटाला किती लुकलुक, हे छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. इतर सर्व बंद ठेवून फक्त १००० वॉटचे, थर्मोस्टॅट नसलेले उपकरण तीन मिनिटे चालवले तर अशा मीटरवर सुमारे १६० लुकलुक मोजल्या जायला हव्यात. थोडाफार फरक हा दोष नव्हे, कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी असले तर तापवणाऱ्या उपकरणाचा वापर सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. मात्र व्होल्टेज योग्य असताना मोजणी २०० च्याही पुढे जात असेल, तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. अर्जात मीटरचा क्रमांक, मागील काही महिन्यांची तारीखवार रीडिंग व छायाचित्रे, आणि या दोन्ही परीक्षांचे निष्कर्ष द्यावेत व पोच घ्यावी. तपासणी प्रलंबित असताना बिल भरणे परस्पर थांबवल्यास जोडणी तोडली जाण्याचा धोका असतो, म्हणून वादातील रक्कम कशी भरायची, हा प्रश्न त्याच अर्जात लेखी विचारावा.