घोड्यासोबत सोशल एन्झायटीवर काम करताय? मग या चुका टाळा

मीटिंगमध्ये आपला नंबर यायच्या आधीच ज्यांचे हात गार पडतात त्यांच्यासाठी लिहितेय. घोड्याच्या मदतीने होणाऱ्या थेरपीच्या या सेशनमध्ये बहुतेक वेळा घोड्यावर बसायचं नसतंच, खाली उभं राहून खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, थांबवायचं. म्हणून महालक्ष्मीला रेसकोर्सवर रायडिंग शिकणं म्हणजे हे नव्हे, इथे सोबत मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली व्यक्ती हवीच, हे आधी विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भीती लपवणं. ऑफिसात हसून वेळ मारून नेतो ना, तसंच मी पहिल्या दिवशी केलं, दोरी आवळून धरलेली, श्वास रोखलेला आणि वर गोड आवाजात "चल ना राजा", घोडा जागचा हलेना. ट्रेनर म्हणाली, मोठ्याने सांग भीती वाटतेय म्हणून. सांगितलं, खांदे सैल पडले, आणि तो चार पावलं आला. मुळात शिकार होणारा प्राणी आहे, समोरच्याच्या अंगातला ताण त्याला पटकन कळतो.

दुसरी चूक आपली नेहमीचीच. घोड्याने तोंड फिरवलं की "मी आवडले नाही". अहो माशी असेल, चंदीची, म्हणजे खाण्याची वेळ झाली असेल! बॉसचा नुसता "ओके" आला की आपण रात्रभर जागतो, तेच हे. अंदाज बांधण्यापेक्षा कान बघा, मागे चपटे दाबलेत तर तो वैतागलाय, लांब व्हा. त्याला जवळपास 350 अंश दिसतं पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. बूट बंद घाला.

आणि घोड्याशी जमलं म्हणून तिथेच थांबू नका, मी दोन महिने थांबले होते, माणसांशी बोलणं तेवढंच अडलेलं. आता सेशननंतर घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसकाकांशी दोन वाक्यं बोलते आणि त्याच आठवड्यात लोकलमध्ये एकीला तरी "दादरला उतरणार का?" विचारते.

गोळ्या किंवा सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) चालू असेल तर मनाने बंद करू नका, त्यांचा पुरावा पक्का आहे, घोड्यांवरचा अभ्यास अजून थोडाच आहे. मधेच फार त्रास झाला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे.

एखाद्या दिवशी जवळ जायलाच नको वाटलं तर ट्रेनरला तसं सांगा आणि कुंपणाबाहेरून नुसतं बघा, मी दोनदा केलंय, तेही सेशनच असतं.